भूलतज्ज्ञ जिल्ह्यातच घडू द्या

महोदय,

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई मध्य प्रदेशातल्याच झाबुआ या आदिवासी जिल्ह्याकडच्या. गेल्या पावसाळ्यात गावी त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात टेबल होते, दिवे होते, डॉक्टरीणबाईही होत्या. सिझेरियनसाठी भूल द्यायला मात्र कोणी नव्हते. रातोरात गाडी करून इंदूर गाठावे लागले. बाळ-बाळंतीण वाचली. वाटेभर सुनेने आवळून धरलेल्या मनगटावरचे नखांचे व्रण बाईंनी मला दाखवले. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सामुदायिक आरोग्य केंद्रात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, हा निकष जुनाच. आदिवासी भागात असे एक केंद्र ८० हजार लोकांसाठी धरलेले आहे. पण तिथे जायला माणसे आणायची कुठून?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवतात, ते चांगलेच आहे. पण तीन महिन्यांत कोण कुठे रुळतो? झाबुआ, अलीराजपूर, बडवानीच्या जिल्हा रुग्णालयांतच डीएनबीच्या (रुग्णालयात राहून तज्ज्ञ होण्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) आणि दोन वर्षांच्या पदविकेच्या जागा वाढवाव्यात, पहिल्यांदा भूलशास्त्राच्या. तिथेच शिकलेल्या डॉक्टरला तिथली भिली बोलीही कानावर पडून समजू लागते. विद्यावेतन, शिकवणारे वरिष्ठ डॉक्टर आणि राहायला धड वसतिगृह, एवढ्यासाठी राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदूर