स्क्रू बँकॉकचा, ड्रायव्हर कुणाकडे?

संपादक महोदय,

‘बँकॉकमध्ये आठवड्याभरात नवे दात, वर सहलही’ अशा धर्तीच्या इम्प्लांटच्या (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम दाताच्या) जाहिराती आता सर्रास दिसतात. त्यावर ‘तिकडे स्वस्त आणि मस्त’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘परदेशात कशाला दातांशी खेळ’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन तटही लगेच पडतात. पैसे मोजून नेमके काय हातात पडते, याची चर्चा मात्र दोन्हीकडे होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. थायलंडमधले दंतवैद्यक मुळीच कमअस्सल नाही. बँकॉकच्या सुखुमवित भागातल्या चांगल्या दवाखान्यात थ्रीडी स्कॅनपासून कॅप कोरून काढणाऱ्या मशीनपर्यंत सगळे एका छताखाली मिळते. घोटाळा होतो तो कॅलेंडरात आणि कागदपत्रांत.

इम्प्लांट म्हणजे एक दात, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या तीन वस्तू असतात. हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू (साधारण ३.३ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब), त्यावर बसून हिरडीतून वर डोकावणारा ॲबटमेंट नावाचा जोडतुकडा आणि सर्वांत वर दिसणारी कॅप. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला आकडा पुष्कळदा पहिल्या वस्तूचाच असतो. तिन्ही मिळून बँकॉकच्या खासगी दवाखान्यात एका दाताला ढोबळमानाने ४० हजार ते १ लाख बाथ (थाई चलन) लागतात. ऑस्टेमसारखी कोरियन बनावट खालच्या टोकाला, स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअर वरच्या टोकाला. स्कॅन, हाडाची भर आणि तात्पुरता दात यांचे पैसे या रकमेत धरले आहेत की वेगळे, हे ईमेलवर लेखी घ्यावे. ‘सर्व समाविष्ट’ या दोन शब्दांवर विसंबू नये.

आता कॅलेंडर. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरले. मधल्या काळात स्क्रूचे आकार आणि पृष्ठभाग कितीतरी सुधारले, पण हाडाला घाई करता येत नाही ती नाहीच. बसवला त्या दिवशी स्क्रू घट्ट असतो, कारण तो हाडात आवळून बसवलेला असतो. पुढच्या २ ते ४ आठवड्यांत आवळलेले जुने हाड शरीर खाऊन टाकते आणि नवे अजून पुरते तयार झालेले नसते. या पंधरवड्यात पकड सर्वांत कमी असते. नेमका याच वेळी रुग्ण घरी पोचलेला असतो, दुखणे थांबलेले असते आणि तो निर्धास्तपणे कडक पदार्थ चावायला लागतो. खालच्या जबड्यात साधारण २ ते ३ महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने ३ ते ४ महिने किंवा जास्त थांबल्यावरच कायमची कॅप चढवावी. म्हणजे खेपा दोन, विमानाची तिकिटे दोन आणि हॉटेलची बिलेही दोन. स्वस्ताईचा हिशेब करायचा तो इतके सगळे धरून. एका दातासाठी तो बहुधा जमत नाही. चार-सहा दात किंवा पूर्ण जबडा असेल तर जमू शकतो.

मग काही जाहिरातींतले ‘त्याच दिवशी दात’ हे खोटे का? खोटे नाही, अर्धवट आहे. पूर्ण जबड्याला चार किंवा सहा इम्प्लांट एकमेकांना बांधून त्याच दिवशी जो पूल (जोडलेल्या दातांची सलग रांग) बसवतात, तो ॲक्रिलिकचा आणि तात्पुरता असतो. त्यावर दोन-तीन महिने मऊ अन्नच खायचे असते आणि पक्का पूल ३ ते ६ महिन्यांनी बसवायचा असतो. दुसरी खेप टळत नाही, फक्त मधल्या काळात बोळके राहावे लागत नाही.

ईमेलवर पाठवलेल्या साध्या ओपीजी एक्स-रेवरून (दोन्ही जबड्यांचे सपाट चित्र) मिळालेले कोटेशन म्हणजे अंदाजपत्रक समजावे. ओपीजीत माप मोठे दिसते आणि हाडाची रुंदी तर दिसतच नाही. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचे टोक आणि ती नस यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखतात. ते सीबीसीटी या थ्रीडी स्कॅनशिवाय ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम. ड्रिलची उष्णताही विसरू नये. हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापले की तिथल्या पेशी मरायला लागतात, म्हणून सलाइनचा फवारा सतत चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारी ड्रिल वापरतात. एका बैठकीत आठ-दहा इम्प्लांट ‘उरकण्या’त धोका असतो तो हाच. डॉक्टर तोच असतो, पण घाई झाली की हात बदलतो.

वरच्या दाढांच्या जागी हाड कमी असेल तर सायनसचा (दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीचा) पडदा उचलून खाली हाडाची भर घालतात; हीच सायनस लिफ्ट. हा पडदा अगदी पातळ असतो. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते आणि दाबाचा हा फरक बंद सायनसमध्ये जाणवतो. म्हणून सायनस लिफ्टनंतर निदान दोन आठवडे विमान नको, नाक शिंकरणे नको आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी. सात दिवसांच्या पॅकेजमध्ये सायनस लिफ्ट बसवलेली दिसली, तर ते पॅकेज डॉक्टरने नाही, ट्रॅव्हल एजंटाने बनवले आहे असे खुशाल समजावे.

साधे इम्प्लांट असेल तर पहिल्या खेपेला ८ ते १० दिवस हवेत. पहिल्या दिवशी स्कॅन आणि तपासणी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. सूज ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि टाके साधारण आठवड्याने निघतात. फिरायचे असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधी. नंतर समुद्रात पोहणे आणि बिअर, दोन्ही बंद. दुसऱ्या खेपेला माप, लॅबचे काम आणि चावा जुळवणे यांसाठी तेवढेच दिवस धरावेत. शेवटची तपासणी परतीच्या आदल्या दिवशी ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. कॅप किंचित उंच राहिली तर ते दोन दिवस जेवल्यावरच कळते. आणि १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान टाळावा. दवाखाना उघडा असला तरी लॅब बंद असू शकते.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, धूम्रपान आणि विशेषतः हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे कोटेशन मागतानाच कळवावीत. झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शने चालू असतील तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. ‘दाताशी त्याचा काय संबंध’ म्हणून नेमकी हीच माहिती सांगायची राहते.

आता शीर्षकातला ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. कॅप दोन प्रकारे बसते, सिमेंटने किंवा स्क्रूने (हा हाडातला नव्हे, कॅप धरून ठेवणारा छोटा स्क्रू). सिमेंटचा जादा भाग हिरडीखाली राहून गेला तर पुढे तिथे पू होऊन हाड झिजू शकते. परदेशात बसवायची कॅप शक्य तिथे स्क्रूचीच मागावी, कारण ती कुठलाही दंतवैद्य काढू शकतो. त्याला एकच अट: स्क्रू कोणत्या बनावटीचा आहे, हे त्याला ठाऊक हवे. अशा कॅपच्या मधोमध दातरंगी फिलिंगचा ठिपका असतो. तो उकरला की खाली दाबून बसवलेली पांढरी टेफ्लॉन टेप आणि त्याखाली स्क्रूचे डोके. हे डोके ऑस्टेमचे असेल तर १.२ मिलिमीटरचे षटकोनी, स्ट्रॉमनचे असेल तर ताऱ्यासारखे, नोबेलचे आणखी निराळे. चुकीचा ड्रायव्हर घालून जोर लावला की डोके घासून गुळगुळीत होते आणि मग हजारो बाथची कॅप फोडून स्क्रू काढावा लागतो. आवळण्याचे मापही बनावटीनुसार २० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असे बदलते. शिवाय एकदा आवळून दहा मिनिटांनी पुन्हा आवळावे लागते, कारण धातू एकमेकांवर ‘बसतो’ आणि ताण थोडा उतरतो. घाईच्या दवाखान्यात ही दहा मिनिटे गाळली जातात आणि सहा महिन्यांनी कॅप हलायला लागते. इम्प्लांट निकामी झालेला नसतो, कॅपचा छोटा स्क्रू सैल झालेला असतो. पाच मिनिटांचे काम, पण कागद नसल्यामुळे डॉक्टरला हात लावायची भीती.

इम्प्लांटच्या पाकिटावर बनावट, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती काढून रुग्णाच्या कार्डावर लावून द्यायची असते. शस्त्रक्रिया संपली की त्याच दिवशी ते कार्ड मागावे. सोबत ॲबटमेंटचा प्रकार, आवळल्याचे माप, शेवटचा एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ डायकॉम (वैद्यकीय स्कॅनच्या प्रमाणित स्वरूपातल्या) फायली घ्याव्यात, मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे.

दवाखाना पारखण्याची सोय थाई कायद्यातच आहे. प्रत्येक परवानाधारक दवाखान्याला ११ अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो आणि डॉक्टरचा फोटो, नाव व नोंदणी क्रमांकही. डॉक्टरची नोंदणी थायलंडच्या डेंटल कौन्सिलकडे तपासता येते. तक्रार आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य सेवा सहाय्य विभागाकडे करता येते. पण न्यायालयाचे काम थाई भाषेत चालते, तेव्हा तिथवर जायची वेळ न आलेली बरी. ‘आजीवन हमी’ वाचताना खालची बारीक अक्षरे पाहावीत. दर वर्षी त्याच दवाखान्यात तपासणीची अट असू शकते आणि विमानभाडे हमीत सहसा नसते.

जाता जाता दोन किरकोळ गोष्टी. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते. ते मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. आणि कागदपत्रे इंग्रजीत घेताना तारखांवर नजर टाकावी. थाई नोंदींत बौद्ध संवत असतो, तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे. ‘२५६९’ मध्ये बसवलेला इम्प्लांट पाहून इकडचा दंतवैद्य आधी कॅलक्युलेटर काढेल, म्हणून कार्डावर २०२६ असे तिथेच लिहून घ्यावे.

आपले,
इम्प्लांटचे काम करणारे दोन दंतवैद्य