सूचना : युटिलिटी गाडी ट्रेलरवर चढवताना

सर्व सभासदांसाठी. (युटिलिटी गाडी म्हणजे मागे सामानाचा हौदा असलेली छोटी, कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी.)

ट्रेलर आधी ओढणाऱ्या गाडीला जोडा, तिचा हँडब्रेक लावा, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे द्या. मगच गाडी वर चढवायच्या फळ्या लावा. फळ्या साखळीने किंवा पट्ट्याने ट्रेलरला बांधल्याच पाहिजेत. नाहीतर पुढची चाकं वर चढतात आणि मागच्या चाकांच्या रेट्याने फळी मागे सटकते. गाडी इथेच पडू शकते. फळी आखूड असेल तर चढ उभा होतो आणि गाडीचं पोट वरच्या कडेवर टेकतं.

लो गिअर, फोर व्हील ड्राइव्ह, एकसारखा हलका अॅक्सिलरेटर. मधेच झटका नको. मागे कोणी उभं राहू नये, 'जरा हात लावतो' म्हणणाऱ्यानेही नाही.

सुमारे 60 टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे हवं. मागे जास्त गेलं की ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो.

चार रॅचेट पट्टे (खटक्याच्या दांड्याने आवळायचे), चार कोपऱ्यांना, चॅसीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) पक्क्या जागी. छताच्या पिंजऱ्याला किंवा बंपरच्या प्लास्टिकला नाही. सस्पेन्शन थोडं दबेल इतकंच आवळा. पट्ट्यावर छापलेली कामाची क्षमता बघा, तुटण्याची नव्हे. तुटण्याची क्षमता कामाच्या क्षमतेच्या साधारण तिप्पट असते. धारदार कडेवर पट्टा घासत असेल तर खाली जाड रबर घाला.

हौद्यातलं सुटं सामान काढा, हौद्याची कडी लावा. 15-20 किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढून बघा, कारण सुरुवातीच्या धक्क्यांत ते सैल पडतातच.