‘नागपूर-मुंबई तासाभरात’ असं छापू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

नवीन विमान सुरू झालं की पेपरात हेडिंग येतं, ‘नागपूर-मुंबई अवघ्या तासाभरात’, आणि नेटवर अंतर टाकून बघितलं तर तिथे पन्नास मिनिटंच दाखवतात, मग लोक त्याच हिशोबाने पुढची गाडी, पुढचं विमान, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळं ठरवून मोकळे होतात. म्हणून हे पत्र.

दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण ६८० किमी आहे. रेल्वेने ८३७ किमी पडतं. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, मुंबई अजून पुढेच राहते. आता ६८० ला ताशी ८०० ने भागलं की पन्नासेक मिनिटं येतात, पण विमान काही गेटवरून निघाल्या निघाल्या ८०० ने पळत नाही ना, आधी पुशबॅक म्हणजे गेटवरून मागे ढकलणं, मग टॅक्सी म्हणजे जमिनीवरून हळूहळू रनवेपर्यंत जाणं, रनवेवर नंबर लागायची वाट, मग वर चढण्यात वेळ आणि खाली येण्यात पण तेवढाच, एवढ्या लहान रूटवर पूर्ण स्पीड मिळतो तो मधला थोडाच वेळ. टाइमटेबलमधे दीड तास किंवा जरा जास्तच दिलेला असतो तो गेट ते गेट असतो, तोच धरायचा.

त्यात मुंबई. रनवे दोन आहेत पण एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो आणि दिवसाला नऊशेच्या वर विमानं. गर्दीत विमानाला वरच घिरट्या घालायला लावतात, तिकिटाचं अंतर तेच पण विमान जास्त उडतं. शिवाय हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे नागपूरकडे येताना विमान लवकर पोचतं आणि मुंबईकडे जाताना वेळ लागतो, हे तर कोणी लिहीतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ पण चालू झालंय. तिकिटावर बीओएम (सहारचं मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे बघायलाच पाहिजे. मुलाचं परदेशी विमान सहारच्या टर्मिनल दोनवरून आणि नागपूरहून तिकीट काढलं नवी मुंबईचं, तर मधे अख्खी खाडी ओलांडून सामानासकट टॅक्सीने जायचं, त्यात जो वेळ जाईल तो कुठल्याच साइटवर दिसत नाही! विदर्भातून पहिल्यांदा विमानात बसणारे कितीतरी लोक आहेत, त्यांना हे कोण सांगणार?

तेव्हा विनंती एवढीच की बातमीत अंतर नाही दिलं तरी चालेल पण सुटायची वेळ, पोचायची वेळ, विमानतळ कोणतं आणि टर्मिनल कोणतं हे चौकटीत द्या. परळला टाटा हॉस्पिटलमधे पेशंट घेऊन जाणाऱ्यांना निदान आदल्या दिवशी निघायचं की त्याच दिवशी हे तरी ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, वर्धा