आबांचा चुना आणि माझा ठसका

लेस्टर, इंग्लंड,
8 नोव्हेंबर 2025

प्रिय पम्या,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. म्हणे, 'येताना ते वाफेचं यंत्र घेऊन ये, मलाही सिगारेट सोडायचीय!' बाबा रे, 2019 पासून आपल्याकडे त्या ई-सिगारेटवर कायद्यानं बंदी आहे. आणणं हाच गुन्हा. पहिल्याच खेपेला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. विमानतळावर माझी वरात बघायची हौस असेल तर सांग. पण तुझा दुसरा प्रश्न झकास आहे: 'वाफच ना ती, मग घशाला लागतं कसं?'

वाफ म्हणतात खरं, पण ती पाण्याची नव्हे. यंत्रात एक द्रव घालून तापवायचा असतो. मार्चमध्ये मी त्याची पहिली बाटली आणली. बोटाएवढी, 10 मिलीची. वर लिहिलेलं: निकोटिन 18 (म्हणजे एका मिलीत 18 मिलिग्रॅम), पीजी 50 टक्के, व्हीजी 50 टक्के. मागच्या दारात उभा राहून सिगारेटसारखा कचकन झुरका मारला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडली, "ऑल राइट, मी डक?" (इथे लाडानं सगळ्यांनाच बदक म्हणतात. मी त्या क्षणी दिसतही तसाच असणार.) नंतर कळलं की हे हळूहळू, चहाचा घोट घेतल्यासारखं ओढायचं असतं.

पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. पातळ असतं आणि पाणी शोषून घेतं, घशातली ओलसुद्धा. म्हणून खवखवतं, तोंडाला कोरड पडते. व्हीजी म्हणजे आपलं ग्लिसरीन. तोंड आलं की आई बोरोग्लिसरीन लावायची ना, तेच घट्ट, गोडसर, मऊ. त्यानं ढग मोठा होतो आणि घसा कुरकुरत नाही. मला वाटलं, मिळाला उपाय! 70 टक्के व्हीजीवाली बाटली आणली. पण माझं यंत्र चिमुकलं, त्यातल्या कापसात ते घट्ट द्रव मुरेचना. कोरडा कापूस तापून जळला आणि तो धूर सरळ घशात. दोन दिवस वरणभातालाही करपलेली चव येत होती.

पण खरा चावा निकोटिनचा. ते मला समजलं तुझ्या आबांमुळे. आठवतं? ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू घ्यायचे, डबीतला चुना नखानं काढून मळायचे, दोन टाळ्या मारून भुकटी उडवायचे. चुना जास्त झाला की तोंड भाजायचं, कमी पडला की 'लागंना' म्हणून थुंकायचे. आपल्याला वाटायचं, सवयीचे चोचले. ते रसायनशास्त्र होतं रे! चुना अल्कली. त्यानं तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झपकन आत शिरतं. माझ्या पहिल्या बाटलीतलं निकोटिन असंच मोकळं होतं, म्हणून घशाला डसलं.

मग दुकानदार पोरानं 'सॉल्ट' दिलं. त्यात निकोटिनबरोबर आम्ल घालतात, बहुतेकदा बेंझोइक. आबांच्या चुन्याच्या बरोबर उलट. डंख जातो, निकोटिन मात्र तेवढंच राहतं. मिलीला 20 मिलिग्रॅमवालं ओढलं तरी घशाला पत्ता नाही. इथल्या कायद्यात तीच कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत ज्युल नावाच्या कंपनीच्या कांडीत मिलीला 59 मिलिग्रॅमपर्यंत असतं. एवढं मोकळं निकोटिन कुणाच्या बापाला ओढवलं नसतं. मी त्या सॉल्टवर भाळलो. पंधरा दिवसांत यंत्र हातातून सुटेना; एका रात्री गरगरलं, मळमळलं, तेव्हा जाग आली. सिगारेट घशाला टोचायची, म्हणून निदान दोन झुरक्यांत थांबायचो. इथे राखणदारच झोपवलेला. आता परत मोकळ्यावर आलोय, 6 मिलिग्रॅम. चार झुरक्यांत घसा 'पुरे' म्हणतो.

चवींचं थोडक्यात: मेंथॉल घसा थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसांना फसवतं, आणि त्या थंडाव्याखाली बाकीचा डंख लपतो. दालचिनीची चव एकदाच घेतली. पुन्हा नाव काढू नकोस.

सिगारेटपेक्षा हे कमी वाईट, असं इथले डॉक्टर सांगतात. निर्धोक आहे असं कुणी म्हणत नाही, आणि मला हेही सोडायचंच आहे. तू औषधाच्या दुकानातून निकोटिनचं च्युइंगगम आण. पण बबलगमसारखं चघळू नकोस. थोडं चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आणि गंमत बघ, गालातून नीट शोषलं जावं म्हणून त्यातही सोडा घातलेला असतो. आबांना सांग, तुमचा चुना आता पाकिटात मिळतो.

26 तारखेला पहाटे मिरजेला उतरतो. स्टेशनवर ये, आणि थर्मासमधून चहा आण.

तुझा,
बंड्या