कामिकात्सुहून

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने फोन बाबांकडे दिला असता आणि बाबा "बघू" म्हणून गप्प बसले असते. म्हणून पत्र. तोक्योची खोली सोडली. गेल्या रविवारपासून मी शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सुला राहते. घराच्या करारावर सही झालीय. नोकरी तीच, पगार तोच, काम घरून.

बाबांचा प्रश्न इथवर ऐकू येतोय. डोंगरातच राहायचं होतं, तर मेढ्याच्या घराला काय झालं होतं? कंपनी जपानबाहेरून काम करू देत नाही, हे खरं कारण. पण ते अर्धंच आहे, हे तुम्हालाही कळतं.

गाव अगदी आपल्याकडच्यासारखं. खाली कात्सुउरा नदी, दोन्ही अंगांना उभे डोंगर, आणि शंभर मीटरपासून सातशेच्या वरपर्यंत विखुरलेल्या वाड्या. सुमारे ११० चौरस किलोमीटरात जवळजवळ नव्वद टक्के जंगल. तेही बरंचसं युद्धानंतर लावलेलं, सुगी नावाच्या देवदारासारख्या सरळसोट झाडांचं, त्यामुळे दुपारीही आत अंधार. १९५५ साली दोन गावं जोडून हे झालं तेव्हा सहा हजारांवर माणसं होती. आता दीड हजारही नाहीत, आणि निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची.

पण म्हातारी माणसं इथे रिकामी नाहीत हं. १९८१च्या थंडीत संत्र्याच्या बागा करपल्या. मग १९८६पासून पानं विकायला लागले! मेपलची, नांतेन नावाच्या झुडपाची, शिवाय बहराच्या डहाळ्या. मोठ्या हॉटेलांत ताटाच्या सजावटीला जातात. शेजारच्या आजी त्र्याऐंशीच्या, टॅबलेटवर ऑर्डर पकडतात. डाग पडलेलं पान चालत नाही. काल त्यांच्या ओट्यावर बसून एकसारखी पानं डब्यात लावत होते, आणि एकदम मनात आलं, बाबांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत कोण भरतं?

आई, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचीस, मी मैत्रिणींसमोर लाजायचे. इथे कचऱ्याची गाडीच येत नाही. चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करून स्वतः नेऊन टाकायचे. परवा दुधाचा खोका कापून, धुऊन खिडकीत वाळत ठेवला आणि एकटीच हसले.

खाण्याची काळजी नको. भात चिकट आहे पण गोड आहे, तूरडाळ कोबेच्या भारतीय दुकानातून कुरियरने येते. इथला आंबवलेला चहा मात्र बाबा एका घोटात टाकून देतील. दवाखाना गावात आहे, मोठं हॉस्पिटल गाडीने तासाभरावर. रेल्वे नाही. माकडं आणि रानडुकरं आहेत, ती मेढ्यालाही आहेत.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, पेपर वाचून झाल्यावर नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. मोरीतली ती गुळगुळीत फरशी या महिन्यात बदलून घ्या. पैसे पाठवलेत, परत पाठवू नका.

दिवाळीचं तिकीट काढलंय, पंधरा दिवस आहे. आपण मेढ्याला जाऊन राहू. किल्ली देवघराच्या फळीमागे असेल, शोधून ठेवा. आणि बाबा, कौलं मी आल्यावर बघू, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही.

तुमची,
मनू