हत्तींच्या सेवेला जाण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हत्तींच्या आश्रयस्थानात स्वयंसेवक म्हणून काही दिवस काम करावे, अशी इच्छा अनेक तरुणांना असते आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र अशा एका ठिकाणी स्वतः काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की जे केंद्र पाहुण्यांना हत्तीला आंघोळ घालू देते, कुरवाळू देते किंवा त्याच्या पाठीवर बसू देते, तेथे हत्तीपेक्षा पाहुण्यांची हौस अधिक जपली जाते.

खरे काम कष्टाचे असते. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला शंभर ते दीडशे किलो चारा लागतो आणि त्यातला जेमतेम निम्मा त्याच्या अंगी लागतो. त्यामुळे स्वयंसेवकाचा बराचसा वेळ चारा उतरवण्यात, तोडण्यात आणि लीद उचलण्यात जातो. तेथील माहुताने मला लीद फोडून पाहायला शिकवले. तिच्यात गवताच्या लांब, अखंड काड्या दिसल्या तर हत्तीला नीट चावता येत नाही, असे समजायचे. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की समोर वैरणीचा ढीग असूनही तो खंगत जातो. तेथील एका म्हाताऱ्या हत्तिणीसाठी आम्ही गवत बारीक कापून, त्यात फळे कुस्करून गोळे करत असू. ती एकेक गोळा सोंडेने चाचपून, सावकाश तोंडात घाली. आम्ही कुंपणाच्या बाहेर असायचो, आणि तिला आमची गरज होती ती तेवढीच.

हत्ती परक्या माणसाला खेटून उभे राहू देतो, याचा अर्थ त्याला ते आवडते असा नव्हे. पर्यटनासाठी राबवल्या जाणाऱ्या हत्तींपैकी अनेकांना लहानपणीच आईपासून तोडून, बांधून आणि मारून माणसाचा धाक घातलेला असतो. आंघोळीचेही तसेच आहे. हत्ती पाण्यातून बाहेर आला की लगेच अंगावर माती उडवून घेतो, कारण ऊन आणि किडे यांच्यापासून तीच त्याचे रक्षण करते. पाहुण्यांच्या प्रत्येक तुकडीसाठी त्याला पुन्हा धुऊन काढणे ही त्याची सेवा नाही. शिवाय क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमधील एका केंद्रात हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश पर्यटक मुलीचा जीव गेला. त्या प्रसंगी मला दोघांचीही कणव वाटली.

म्हणून अशा केंद्रांत जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकाच वेळी बेकार झाले व पर्यटनाकडे वळले. २०२० मध्ये महासाथीमुळे पर्यटक यायचे थांबले, तेव्हा अनेक हत्तींच्या चाऱ्याची पंचाईत झाली. पाहुण्यांचा पैसा लागतो. तो कशासाठी द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आश्रयस्थानात स्वयंसेवकांना हत्तींच्या जवळ जाऊ दिले जात नाही, लोक हत्तींना कॅमेऱ्यांतून पाहतात, आणि तरीही तेथे मदतीला माणसे येतात. हे पाहता पाहुणे हात लावल्याशिवाय येतच नाहीत, ही सबब मला पटत नाही.

जाण्यापूर्वी केंद्राला स्पष्ट विचारावे: हत्तींना रात्री साखळदंडाने बांधतात का, पायांखाली माती असते की काँक्रीट, आणि पिले असतील तर ती कोठून आली. पिलांचे आकर्षण मोठे असते, परंतु सुटका केलेल्या हत्तींसाठी उभारलेल्या जागी पाहुण्यांसाठी मुद्दाम पैदास होत असेल, तर बंदिवानांची संख्या वाढतच जाणार.

आपल्या पर्यटन पुरवणीत अशा केंद्रांची माहिती छापताना तेथे स्पर्श, आंघोळ आणि स्वारी यांना परवानगी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी नमूद करावे आणि हत्तीच्या पाठीवर बसलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे छापणे थांबवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक