नौपाड्यातल्या फ्रेमवाल्या काकांना, तुमची पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता हे माहितीये मला, पण तुमचा नातू हे वाचेल आणि संध्याकाळी दुकानात तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. समोर उभं राहून थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, पट्टी कुठली लावायची ते सांग" म्हणून विषयच बदलता.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते ते खरं तर रडायच्या बेतात. चार दिवसांवर माझ्या फोटोंचा पहिला स्टॉल, खाडीतल्या फ्लेमिंगोच्या ११ ग्लॉसी प्रिंट्स, आणि आदल्या रात्री मी हौसेने गोल्डन मार्कर घेऊन प्रत्येक फोटोवर, अगदी पक्ष्याच्या पायाशी, ही मोठी सही ठोकलेली. वाळलं असं वाटलं म्हणून एकावर एक ठेवून फोल्डरमध्ये भरल्या, आणि सकाळी बघते तर प्रत्येक सहीचा अर्धा सोनेरी डाग वरच्या प्रिंटच्या पाठीला लागलेला आणि दोन तर अशा चिकटल्या की सोडवताना कोटिंगच निघालं. लॅबने छापून पण जरा हिरवट दिलेल्या, पण तो राग वेगळा.

तुम्ही हसला नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात, एक प्रिंट उजेडात तिरकी धरलीत आणि म्हणालात, "फोटो चांगलाय गं, पण तू त्याच्या तोंडावर का लिहितेस?" मग ड्रॉवरमधून ती २बी पेन्सिल काढून दिलीत. मला वाटलं चेष्टा करताय, एवढा महागाचा फोटो आणि सही पेन्सिलने? तेव्हा तुम्ही सांगितलंत की बॉलपेनची शाई उडते, मार्करचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण पेन्सिल म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, तो उन्हाने उडत नाही. फक्त कागद तसा हवा. ग्लॉसीवर प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल नुसती घसरते, तिथे पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्यायचं आणि रात्रभर उघडं ठेवायचं, एकावर एक तर मुळीच नाही. म्हणून मग पुढच्या प्रिंट्स मी कॉटनच्या मॅट कागदावर काढल्या, चारी बाजूंनी पांढरी बॉर्डर सोडून, आणि बॉर्डरमध्ये खाली डावीकडे नंबर (१/१५ म्हणजे पंधरातली पहिली), मध्ये फोटोचं नाव, उजवीकडे सही. हे सगळं तुम्ही एका जुन्या कॅलेंडरच्या मागे चौकोन काढून दाखवलंत, तो कागद पण आहे माझ्याकडे.

पण सही दाखवायची तर फ्रेममध्ये दिसली पाहिजे ना, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही माउंटची, म्हणजे फोटो आणि काचेच्या मधल्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी फोटोपेक्षा खालून पाऊण इंच जास्त कापलीत, म्हणजे सही आणि नंबर आत बसले. मी म्हणलं माउंटवरच करते की सही, किती सोपं, तर तुम्ही म्हणालात माउंट उद्या पिवळा पडेल, कोणीतरी बदलेल, मग तुझी सही कचऱ्यात आणि फोटो बेवारशी. आणि माउंट ठेवायचाच, काच फोटोला टेकता कामा नये, आपल्याकडच्या पावसाळ्यात एकदा चिकटली की सुटत नाही.

तेव्हाच तुम्ही ते जुनं लक्ष्मीचं चित्र दाखवलंत, कुणीतरी नवीन फ्रेम करायला दिलेलं. रवि वर्मा प्रेसचं. खाली अगदी बारीक अक्षरात प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा छापलेलं. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे मळवलीला गेली, हे तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, मला तर आमच्या आजीच्या देव्हाऱ्यावरचं चित्र म्हणजे नुसतं चित्रच वाटायचं. आणि मग म्हणालात की असली निम्मी चित्रं तुमच्याकडे येतात ती खालची पट्टी कापलेली, कारण आधीच्या फ्रेमवाल्याला तयार फ्रेममध्ये बसवायचं होतं. पट्टी गेली की कुठलं, कोणी छापलं, काही सांगता येत नाही. "बॉर्डर म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे," एवढं बोलून तुम्ही त्या गृहस्थांना फोन लावलात की फ्रेम मोठी लागेल, पैसे जास्त होतील, चित्र कापणार नाही. मी तिथेच उभी होते. (ते कुरकुरले, पण हो म्हणाले.)

आता लेबल. इथे तर तुम्ही माझी चांगलीच जिरवलीत. मी मोठ्या रुबाबात मागच्या स्टिकरवर फोटोचं नाव आणि जागा लिहिलेली, "अग्निपंख, मुंबई." तुम्ही विचारलंत, कुठून काढलास? ऐरोलीहून बोटीत बसून, खाडीत. "मग ठाण्याची खाडी लिहायला लाज वाटते का?" खरं सांगू, वाटत होती. मुंबई लिहिलं की विकलं जाईल असं वाटलेलं. आता लेबलवर "ठाणे खाडी" लिहिते आणि गिऱ्हाईक विचारतंच, मग मी सांगते की २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं, आणि हे जास्त करून लेसर फ्लेमिंगो आहेत, चोच गडद लालसर काळी असते ती बघा. एवढं बोलणं होईपर्यंत माणूस फोटोकडे परत एकदा बघतो आणि त्या दोन मिनिटांतच विक्री होते, हे माझं निरीक्षण.

लेबलवर बाकी काय असावं तेही तुमच्यामुळेच पक्कं झालं. फोटो काढल्याची तारीख, १४ जानेवारी २०२४, आणि प्रिंट काढल्याची तारीख वेगळी, कारण दोन्ही एक नसतात. कागद कुठला, शाई कुठली, साईज, एडिशन (म्हणजे त्या फोटोच्या एकूण किती प्रिंट्स काढणार तो ठरलेला आकडा). एक ओळ की ही फक्त प्रिंट विकलीय, कॉपीराइट फोटोग्राफरकडे आहे, कारण लोकांना खरंच वाटतं की फोटो घेतला म्हणजे कॅलेंडरवर छापायचा हक्कपण मिळाला. आणि स्टिकर प्रिंटच्या पाठीला नाही चिकटवायचा, गोंद वर्षांनी आरपार उतरतो, सेलोटेप तर त्याहून वाईट. स्टिकर फ्रेमच्या मागच्या बोर्डला. प्रिंटच्या पाठीवर फक्त कडेला, हलक्या हाताने पेन्सिल, खाली काच ठेवून, कारण जोर दिला तर अक्षरं पुढून फुगतात. मी एकदा जोर दिला. आकाशात माझं आडनाव उलटं उमटलं, अजून दिसतं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते वेगळंच आहे, ते त्या २० फ्रेम्सचं. तुम्हाला आठवत असेल, एका ऑफिसला दिवाळीला द्यायला २० अग्निपंख हवे होते, छोट्या साईजमध्ये. माझी १२ बाय १८ ची एडिशन १५ ची, त्यातल्या ९ गेलेल्या. मी तुमच्या काउंटरवर हिशोब करत बसले की छोटा साईज म्हणजे वेगळी एडिशन, १ ते २० असे नवीन नंबर टाकू, कायद्याने कोण अडवणारे, आणि तेवढ्यात माझ्या नवीन लेन्सचे हप्ते सुटत होते. तुम्ही पट्टी कापता कापता म्हणालात, वर न बघता, "दुसरा साईज दुसरी एडिशन, बरोबर. पण ज्या नऊ जणांनी घेतला, त्यांना सांगितलं होतंस का की छोटा पण निघणारे?"

सांगितलं नव्हतं. मी तर स्टॉलवर म्हणत होते फक्त १५ आहेत हां, फक्त १५. तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत, करवतीचा आवाज तेवढा. मी घरी आले, दोन दिवस चिडचिड केली, आईवर उगाच ओरडले, आणि मग त्या ऑफिसला वेगळाच फोटो दिला, खारफुटीतल्या वाटेचा, ओपन एडिशन, नंबर नाही, फक्त सही, आणि लेबलवर स्पष्ट लिहून की कितीही निघतील. त्यांनी घेतला! त्यांना नंबरशी काही घेणंदेणंच नव्हतं, सुंदर काहीतरी भिंतीवर हवं होतं.

त्या रात्रीपासून दोनशे पानी लाँगबुक केलीय. १/१५ कोणाला, कुठल्या तारखेला, कुठल्या कागदावर, खराब झालेली प्रिंट फाडली की नाही. ६/१५ च्या पुढे "कोपरा मुडपला, फाडली, नवीन काढून तोच नंबर" असं लिहिलंय, आणि फाडलेले तुकडे मी खरोखर पाकिटात ठेवलेत, जरा येडेपणाच आहे, पण तुम्हाला पटेल.

अग्निपंखची शेवटची, १५/१५, गेल्या रविवारी गेली. १५ सोडून एक प्रिंट माझ्यासाठी काढली होती, तिच्यावर नंबराच्या जागी ए.पी. लिहिलंय, म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, आणि लाँगबुकमध्ये तुमचं नाव आधीच टाकून बसलेय, त्यामुळे आता नको म्हणता येणार नाही. शनिवारी घेऊन येते. पट्टी तुम्ही ठरवा, पण फ्रेमचे पैसे मी देणार. आणि पेन्सिल परत मागू नका, निम्मी संपलीय.

तुमची,
गोल्डन मार्करवाली